नांदायला येण्याची नोटीस

"वन्सं, हेमाताई गेल्या..." पलीकडून सुमन एवढंच म्हणाली. तिच्यामागे कुठेतरी होडीचं इंजिन ऐकू येत होतं. सकाळचे सात वाजले होते. मी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "पहाटेच. चहा ठेवला होता मी. हाक मारली, उठल्याच नाहीत." हेमाचं हृदय दोन वर्षांपासून कुरकुरत होतं, पण डॉक्टरांचं ऐकायचा तिचा स्वभाव नव्हता. आज त्याला पाच आठवडे झाले.

सुमन एके काळी माझी वहिनी होती. कायद्याने ते नातं संपून चाळीसएक वर्षं झाली. निकालपत्राची नक्कल मी स्वतः वाचलेली आहे, तरी ती मला अजून वन्संच म्हणते. मीही तिला कधी थांबवलं नाही. हेमा गेल्यावर या पुरवणीकडून निरोप आला, की तुम्ही तिच्या वर्गमैत्रीण, राजापूरकडच्या नाटे या मासेमारीच्या गावातून येऊन वकील झालेल्या बाईवर चार शब्द लिहा. मी दोनदा लिहून फाडलं. दोन्ही वेळा सगळं नीट जमलं होतं. तिची जिद्द आली होती, तिचा फटकळपणा आला होता, कोर्टातले दोन विनोदी प्रसंगही आले होते. फक्त जे खरं घडलं ते त्यात नव्हतं. माझे आईवडील आता नाहीत, भाऊही नाही. ज्यांच्यासाठी गप्प बसले ती माणसं संपली, आणि जिच्यासमोर बोलायला हवं होतं तीही गेली. भावाचं नाव इथे घालत नाही. सुमनचं नाव तिला विचारून बदललं आहे.

ऐंशी सालानंतरची ती पहिली वर्षं. आमचं विद्यापीठ मुंबईला आणि कॉलेज रत्नागिरीत. वर्ग सकाळी लवकर भरायचा, कारण बहुतेक विद्यार्थी नोकरदार होते. कचेरीतले कारकून, बँकेतले, दोन मास्तर, एक निवृत्तीला आलेले तलाठी. मुली आम्ही दोघीच. ती नाट्याची, वडील होडीवर तांडेल. मी संगमेश्वरच्या आतल्या गावातली, घरी भातशेती. दोघींनी मिळून खालच्या आळीत माडीवरची एक खोली घेतली. मालकीणबाई शाकाहारी होत्या. हेमाच्या घरून सुके बांगडे आले, की ती ते कायद्याच्या जाड पुस्तकामागे दडवून ठेवायची आणि बाईंनी नाक मुरडत विचारलं, तर म्हणायची, "काकू, जुन्या कागदांना येतोच हो वास." मी हसून लोळायचे. त्या खोलीत आम्ही इतक्या हसलो आहोत, की पुढचं सगळं त्याच खोलीत सुरू झालं हे मला आजही खरं वाटत नाही.

कुटुंब कायदा शिकवणारे आमचे सर सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ होते. वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना हा भाग त्यांनी ज्या दिवशी घेतला, तो तास मला अजून आठवतो. नवरा किंवा बायको सबळ कारणाशिवाय घर सोडून गेली, तर दुसऱ्याला कोर्टात जाऊन तिला परत नांदायला बोलावता येतं, असं ते सांगत होते. हेमा उभी राहिली. "सर, बाई नाही म्हणाली, तर तिला कोण आणतं? पोलीस?" मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर म्हणाले, "कोणी आणत नाही. फार तर तिच्या मालमत्तेवर जप्ती येते." "तिच्याकडे मालमत्ता कुठे असते, सर? मग ती कशाच्या जोरावर परत येते?" सरांनी चष्मा काढून पुसला. "कागदाच्या भीतीने," ते म्हणाले. मग कोणी हसलं नाही.

त्याच सरांनी आम्हाला गावात पाठवलं. लग्न हा संस्कार की करार हे परीक्षेत लिहाल, पण त्याआधी एखाद्या गावात जाऊन बघा, लग्नं जुळतात कशी, मोडतात कशी, मोडल्यावर बाई जाते कुठे. कॉलेजचा गोल शिक्का मारलेले प्रश्नांचे छापील कागद त्यांनी आम्हाला दिले. मी म्हटलं, आमच्याच गावी जाऊ, राहायची सोय होईल. शिमग्याचे दिवस होते. मुंबईचे चाकरमानी पालखीसाठी आलेले, माझा दादाही लोट्याहून रजा घेऊन आला होता. तिथल्या रसायनांच्या एका कारखान्यात तो पाळीवर होता. आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा, एरवी तिथेच खोली करून राहायचा.

आम्ही दोघी घरोघर फिरलो. एका म्हातारीने हेमाला काडीमोड म्हणजे काय ते करूनच दाखवलं. सुपातली एक वाळकी काडी उचलली, मोडली आणि अंगणात टाकली. "हां, झाला. पंच बसले, काडी मोडली, बाई सुटली. तुमच्या कोर्टात काय दुसरा करतात?" हेमा मन लावून लिहीत होती. माझ्याच गावातल्या बायका माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या ते तिच्याशी बोलत होत्या. नवरा मुंबईला, वर्षातून दोनदा दिसतो. तिकडे आणखी कोणी आहे म्हणतात, पण विचारायचं कुणाला... असलं सगळं. आमच्या घरी मात्र तिने काही विचारलं नाही. सुमनवहिनीने आम्हाला घावने करून वाढले. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ती बोलताना सारखी पाठीमागे बघायची. लहानपणी भूत बघितलेली मुलं बघतात तसं, असं मला तेव्हा वाटलं आणि मी ते हेमाला गंमत म्हणून सांगितलंसुद्धा. हेमा हसली नाही.

तिन्हीसांजेला बाबा आणि दादा पडवीत बसले होते. वहिनी आत चुलीपाशी. बाबांनी मला हाक मारली, "ये गो वकीलीणबाय. आमाला जरा शिकव." मला कोण अभिमान वाटला! घरातल्या पुरुषांनी मला शेजारी बसवून काही विचारावं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. बाबांनी विचारलं, मूल होत नसलं तर बायकोला सोडता येतं का. मी वर्गात ऐकलेलं धडाधड सांगितलं. मूल नसणं हे घटस्फोटाचं कारण नाही. बायकोची संमती नसेल, तर वर्षानुवर्षं खटला चालेल आणि शेवटी हरालही. "आणि असूदे ती, दुसरी केली तर?" दादाने विचारलं. पहिली बायको असताना दुसरं लग्न होतच नाही, मी म्हटलं. उलट गुन्हा होतो, नोकरी जाईल. दादा बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग मान वर न करताच म्हणाला, "आणि नसली तर?"

"नसली तर प्रश्नच नाही," मी हसून म्हटलं.

दारात हेमा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तो तांब्या खाली ठेवला नाही, कुणाला दिला नाही, तशीच आत परत गेली. परतीच्या एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. हातखंबा आलं तेव्हा एकदम म्हणाली, "मंदा, तुझ्या भावाने काय विचारलं ते कळलं ना तुला?" मी म्हटलं, कायदा विचारला, दुसरं काय. ती पुन्हा खिडकीकडे वळली.

पुढच्या महिन्यात वहिनी माहेरी निघून गेली. कुणाला न सांगता, पहाटेच्या गाडीने, नेसत्या लुगड्यावर. गावात बोभाटा झाला. बाबा रत्नागिरीला आले, आमच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "घराची अब्रू गेली. तिला बोलावून घ्यायचा कागद करून दे. देवरुखचे वकील सही करतील, पण मजकूर तू लिही. माझ्या लेकीने लिहिलेला हवा." मी दोन दिवस खपून ती नोटीस लिहिली. सबळ कारणाविना पतीचा सहवास त्यागून... पत्नीधर्मास विन्मुख होऊन... ही नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवसांचे आत नांदावयास न आल्यास... किती सुंदर अक्षर होतं माझं! हेमाने ते टेबलावरून उचलून वाचलं आणि परत ठेवलं.

"हे पाठवू नकोस," ती म्हणाली.

"का? कायद्यात आहे."

"मंदा, नीट विचार कर गो. ज्याला ती नको आहे, जो दुसरी करायच्या गोष्टी करतोय, तो तिला परत कशाला बोलावतोय?"

मी चिडले. माझ्या घरच्यांना तू काय समजतेस, असं काहीसं म्हटलं. तुमच्या बंदरावर असतील असली माणसं, असंही म्हटलं. हे शब्द मी विसरलेले नाही. ती चिडली नाही. तिने फक्त पुन्हा तेच विचारलं, आणखी सावकाश, "कशाला बोलावतोय?" मी देवरुखच्या वकिलांच्या नावाचा तो लिफाफा त्याच दुपारी पोस्टात टाकला.

वहिनीचे वडील साधे शेतकरी. लाल शाईचे शिक्के बघून ते गडबडून गेले. कोर्ट, जप्ती, तुरुंग, त्यांच्या डोळ्यांसमोर काय काय आलं असेल कुणास ठाऊक. नवव्या दिवशी ते स्वतः लेकीला आमच्या घरी आणून सोडून गेले. बाबांचं पोस्टकार्ड आलं, 'तुझ्या नोटिशीने काम झाले. सून घरी आली.' मी ते हेमाला वाचून दाखवलं, जिंकल्यासारखं. ती जेवत होती. ताटावरून उठली आणि हात धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गाला गेले, ती आलीच नाही. मला वाटलं, घरी गेली असेल.

ती आमच्या गावी गेली होती. जे घडलं ते मला नंतर तिच्याकडून आणि सुमनकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. ती पोचली तेव्हा बाबा शेतावर होते, घरात आई आणि वहिनी. आईने चहा केला. वहिनीचं ताट, पेला वेगळा काढून ठेवलेला हेमाला दिसला. वहिनीची ट्रंक माळ्यावर टाकली होती. वहिनीने ती खाली काढून मागितली तर आई म्हणाली होती, "तुला आता नाय लागायची ती." आई साधं, सहज बोलली होती, असं सुमन आजही सांगते. आईला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मी आईला शेवटपर्यंत विचारू शकले नाही. चुलीच्या मागे, मिठाच्या बरणीला लागून, एक निळा प्लास्टिकचा कॅन होता. झाकणाला गुंडाळलेलं फडकं कुरतडल्यासारखं विरून गेलं होतं. हेमाने झाकण जरा सैल केलं तर डोळ्यांत पाणी आलं. तिने विचारलं, हे काय. आई म्हणाली, "झिलान आनलान कारखान्यातसून. संडास धुवाक बरा म्हनतो."

हेमाने कॅन होता तसा ठेवला. मग पिशवीतून आमचे ते प्रश्नांचे छापील कागद काढले आणि आईला गोल शिक्का दाखवला. "काकू, हे सरकारी काम आहे. सूनबाईंची सही राहिली. रत्नागिरीला साहेबांसमोर करायला लागते, आजच्या आज. नाही झाली तर घरी पोलीस विचारायला येतील." आईला वाचता येत नव्हतं. ज्या कागदाच्या भीतीने वहिनीला आणलं होतं, तसल्याच कागदाच्या भीतीने आईने तिला सोडलं. दादाची पाळी त्या दिवशी दुपारी सुटणार होती आणि तो संध्याकाळी घरी पोचणार होता. तीनची गाडी चुकली असती तर पुढची नव्हती. दोघी भाताच्या मळ्यांतून पळतच गेल्या, असं सुमन सांगते. तिच्या एका पायातली चप्पल बांधावर राहिली.

संगमेश्वरला गाडी बदलायची होती. स्टँडवर रत्नागिरीची गाडी लागली, दोघी चढून खिडकीशी बसल्या, आणि समोर रसाच्या गाड्यापाशी दादा उभा होता. नुकताच कंपनीच्या बसमधून उतरला असावा, खांद्याला डब्याची पिशवी होती. त्याने वर बघितलं. आधी त्याला सुमन दिसली, मग हेमा. सुमन हेमाच्या मागे सरकली. आता तो गाडीत चढणार, ओढून खाली काढणार... पण तो आलाच नाही. ग्लास हातात घेऊन तो हसला आणि पाहुण्यांना निरोप देतात तसा त्याने हात हलवला. हेमा पुढे कोर्टात खुन्यांसमोर उभी राहिली, दारुड्यांच्या शिव्या तिने खाल्ल्या. पण ती म्हणायची, "भीती म्हणजे काय ते मला त्या हसण्यात कळलं."

अंधार पडायच्या आत त्या दोघी खोलीवर आल्या. वहिनी भिंतीला टेकून बसली, एक पाय अनवाणी, लाल मातीने माखलेला. मी हेमावर ओरडले. माझ्या घरातलं माणूस पळवून आणलंस, हा गुन्हा आहे, मी तक्रार करीन, असं काय काय बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग कॅनबद्दल सांगितलं. मी म्हटलं, संडास धुवायला आणला असेल, त्यात काय.

"मंदा," ती म्हणाली, "तुमच्याकडे संडास कुठे आहे?"

आमच्या घरी संडास नव्हता. गावात कुणाकडेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती सुमनला घेऊन नाट्याला गेली. बाबा कॉलेजात आले. सरांच्या आणि प्राचार्यांच्या समोर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि रडले. कॉलेजचा शिक्का खोटं बोलायला वापरला, म्हणून हेमाचं ते वर्ष गेलं. सर तिच्या बाजूने बोलले होते असं नंतर कळलं, पण उपयोग झाला नाही. मला बोलावून विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला काही माहीत नव्हतं. ते खरंच होतं. मी परीक्षेला बसले. कुटुंब कायद्यात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले.

पुढे नाट्याची चार वजनदार माणसं आणि हेमाचे वडील आमच्या गावी येऊन बसले, आणि दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज गेला. दादाने मुकाट सही केली. वर्षाच्या आत त्याचं दुसरं लग्न झालं. शेवंता तिचं नाव, शेजारच्या वाडीतली. हसरी, उंच, कपाळावर गोंदलेलं. मला घरी गेल्यावर तिच्याकडे बघवत नसे, का ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. निळा कॅन दिसत नव्हता. मी दोनदा चुलीमागे वाकून बघितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं, असंच ना? शेवंतालाही मूल झालं नाही. तिसऱ्या वर्षी पाऊस सरल्यावर ती घरामागच्या विहिरीत सापडली. चिऱ्याची जुनी विहीर, पायऱ्यांना शेवाळ धरलेलं. पाय घसरला, सगळे म्हणाले. कळशी काठावर सरळ उभी होती, भरलेली.

मी तेव्हा रत्नागिरीत एका वकिलांच्या हाताखाली काम करत होते. हेमाने वर्ष भरून काढून नुकतीच सनद घेतली होती. बातमी कळल्याबरोबर ती माझ्याकडे आली. आम्ही चार वर्षं बोललो नव्हतो. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "मी जबाब देणार आहे. पडवीत काय झालं, कॅन, सगळं. पण मी परकी. त्यांना वाटेल, जुन्या भांडणाचा सूड काढतेय. त्याने विचारलं होतं तुला, मंदा. तू सांग. बाकी काही नको, त्याने काय विचारलं आणि तू काय म्हणालीस, एवढंच." मी म्हटलं, बघते. त्याच आठवड्यात मी गावी घरी असताना पोलीस जमादार आले. बाबा आजारी होते, आई चुलीपाशी बसलेली, दादा पडवीत सुपारी कातरत होता. जमादारांनी विचारलं, असं काही बोलणं झालं होतं का तुमच्यात? अडकित्त्याचा आवाज थांबला.

"आठवत नाही," मी म्हटलं.

अडकित्ता पुन्हा सुरू झाला.

अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाला. खरं काय घडलं मला आजही माहीत नाही, आणि वकील म्हणून मी हे लिहिलंच पाहिजे. कदाचित शेवंताचा पाय खरोखर घसरला असेल. कदाचित त्या कॅनमधलं रसायन कुठल्यातरी भांड्याला लावायलाच आणलं असेल. पण माझ्या एका वाक्याने हे ठरवायची संधी होती, आणि ते वाक्य मी गिळलं. दादाने तिसरं लग्न केलं नाही. त्याला मुली द्यायला लोक घाबरायला लागले होते, एवढं हेमाच्या जबाबाने झालं. तो म्हातारा होऊन, अंथरुणात, माझ्या हातचं पाणी पिऊन गेला. शेवटच्या दिवसांत तो माझ्याकडे टक लावून बघायचा. मी कधी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

हेमा रत्नागिरीत राहिली नाही. तिने राजापूरच्या कोर्टात काम सुरू केलं, नाट्याच्या घराची पुढची खोली कचेरी केली आणि सुमनला तिथेच ठेवून घेतलं. सुमन मासळी सुकवायला शिकली, मग अंगणवाडीत मदतनीस लागली, आणि हेमाच्या घरची मालकीण झाली असं म्हटलं तरी चालेल. माझ्याशी हेमा कितीतरी वर्षं बोलली नाही. नंतर एकदा जिल्हा कोर्टाच्या आवारात समोरासमोर आलो, आणि तिने दोन चहा सांगितले. मग एसटीच्या कंडक्टरबरोबर माझ्याकडे सुक्या कोळंबीचे सोडे यायला लागले, वर्तमानपत्रात बांधलेले. चिठ्ठी कधी नसे. आम्ही पुन्हा मैत्रिणी झालो, पण पूर्वीसारख्या हसलो नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी तिला भेटायला गेले होते. ती खूप वाळली होती. सुमन आत गेल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आता आठवतं का गो?" मी म्हटलं, "आठवतं. सगळं." तिने डोळे मिटले. "मग लिहून ठेव," म्हणाली. एवढंच. ती आमची शेवटची भेट.

परवा मी नाट्याला गेले. सुमनने मला पुढच्या खोलीत बसवलं. मी इतक्या वर्षांत त्या खोलीत कामाच्या वेळी कधी गेले नव्हते. हेमा कशी काम करायची ते सुमननेच सांगितलं. येणाऱ्या बाईला ती टेबलापलीकडे बसवत नसे, आपल्या बाजूच्या बाकावर, अगदी शेजारी बसवायची. बाई बोलेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिहायची आणि मग सगळं तिला वाचून दाखवायची. "असंच म्हणालीस ना? यातलं एक अक्षर तरी माझं आहे का बघ." बाई हो म्हणेपर्यंत पान उलटायचं नाही. बाकाची तिच्या शेजारची फळी झिजून खोलगट झाली आहे. वही उघडीच होती, अर्धं पान लिहिलेलं, पुढचं कोरं. कोर्टाच्या भाषेतला एकही शब्द त्यात नव्हता.

आम्ही बोलत असतानाच फाटक वाजलं. पंचविशीतली एक बाई, हातात पिशवी, पायांना धूळ. हेमा गेल्याचं तिला माहीत नव्हतं. सुमनने सांगितलं तेव्हा ती तशीच उभी राहिली. मला वाटलं परत जाईल, पण तिने एकदा मागे रस्त्याकडे बघितलं आणि आत आली. बाकाच्या त्या झिजलेल्या जागी बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी वकील हाव का?"

मी होते, असं म्हणणार होते. निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली. सुमन दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "सांगा. काय करतो तो? मारतो का?"

"मारायचा. रोजच मारायचा," ती म्हणाली. "पन गेल्या हप्त्यापासना मारत नाय. लय गोड बोलतो. परवा साडी आनलान. काल म्हनाला, चल, उद्या तुला होडीतून फिरवून आनतो... मला पवता येत नाय, ताय."

मी वही ओढून घेतली आणि ती म्हणाली तसंच्या तसं लिहायला सुरुवात केली.